आसाराम सुताराचा दुसरा गुडघा

कोपरगावातल्या आमच्या घराची दारं आसाराम सुताराने केली. एकही आजवर कुरकुरलं नाही. सांधेवाताने त्याचा उजवा गुडघा निकामी झाला, तेव्हा सदुसष्ट साली मुंबईच्या एका दवाखान्यात धातूचा बसवला. चार वर्षांत तो सैल झाला. पाय टेकला की आत काहीतरी खचतं, म्हणायचा. पुन्हा दाखवायला निघाला तेव्हा इंग्रजी कागद वाचायला मी बरोबर गेले.

डॉक्टरांनी टेबलावर दोन गुडघे ठेवले. दोन्ही बिजागरीचेच. एकाच्या दांड्या आखूड, आसारामच्या पायात होत्या तसल्याच. दुसऱ्याच्या लांब, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात वीत-वीतभर जाणाऱ्या. आसारामने दोन्ही उचलून वाकवून पाहिले आणि मला हळूच म्हणाला, "बिजागरी मोडत न्हाई, बाई. चौकटीतली पकड सुटती."

डॉक्टरांचं म्हणणंही तेच. आखूड बसवला तर हाड शिल्लक राहतं, पुढे काही झालं तर दुरुस्तीला वाव असतो. लांबाची पकड घट्ट, पण तो सुटला किंवा आत जंतू शिरले तर धरायला हाडच उरत नाही. मग काय, ते त्यांनी मांडीवर बोट आडवं फिरवून सांगितलं. आसारामने पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"जमिनीवर बसून काम करता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई."

साफ खोटं! आमच्याकडचा सुतार बुटक्या पाटावर बसतो, फळी पायाने दाबतो आणि रंदा मारतो. पहिल्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांत हा पाटावर होता. एस.टी.त त्यानेच मला सांगितलं होतं, की खरं कळलं तर डॉक्टर पाय काठीसारखा कायमचा ताठ जोडून टाकतील. त्या भीतीने त्याला आदल्या दिवशीपासून अन्न गेलं नव्हतं.

डॉक्टरांनी आखूड गुडघा हातात घेतला. मला राहवेना.

"आसाराम, तू सांगतोस की मी सांगू?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा पाय तोडायलाच निघाले होते. मग खाली बघत म्हणाला, "बसतो साहेब. रोज. ह्याच पायानं फळी दाबतो. दुसरं काम कुठं येतं मला?"

डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी आखूड गुडघा खणात ठेवून दिला.

"मग आखूड पुन्हा सुटेल. हा लांबच. याच्यापुढे तिसरा नाही. जमिनीवर बसलात की पाय गेला."

ऑपरेशनला तीन आठवडे होते. आसारामने घरी येऊन आधी कमरेएवढं टेबल केलं. उभ्याने रंदा मारायची त्याला सवय नव्हती. पहिली चौकट बोटभर वाकडी झाली. त्याने ती चुलीत घातली. निघताना बायकोला, मनकर्णाला म्हणाला, "न्हाई आलो तर ह्याच्यावर भाजी चिर." ती आत निघून गेली.

तो आला. त्याला दोन वर्षं झाली. काठी घेऊन चालतो, उभ्याने काम करतो. चौकटी आता सरळ येतात. पाट त्याने वळचणीला टांगलाय. पण दिवेलागणीला तो टेबलाला टेकून उभा राहतो आणि फळीची पोकळी तपासावी तशी बोटाने नडगी ठोकतो, कान देऊन ऐकतो.

"बाई, पोकळ तर वाजत न्हाई ना?"

मला त्यातलं काय कळणार? नाही म्हणते. तो मान हलवतो आणि पुन्हा ठोकतो.