बगरीरची दुसरी बाजू

चार पोरं एका घरात भाड्यानं राहिली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते साचतच जातात. आमच्या औरंगपुऱ्यातल्या खोल्यांमधले निम्मे किस्से एकट्या युसुफचे! तो मोरोक्कोतल्या फेज शहरातून पीएच.डी. करायला आला होता. अभ्यासाला कधी घाबरला नाही. त्याचं घोडं अडायचं ते सकाळच्या नाश्त्यापाशी.

*

दुसऱ्याच महिन्यात त्यानं बॅग भरली.

"सकाळी उठलो की आई आठवते. दुपारनंतर ठीक वाटतं," तो म्हणाला.

"मग दुपारीच उठत जा ना!" मी म्हणालो.

तो हसला नाही. घरमालकीण शांताकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी बॅग उचलून सरळ आपल्या कपाटात ठेवली. "आधी सांग, आई काय करून घालती?"

*

त्याच्या यादीत सगळ्यात आधी चहा. गुलमंडीतल्या जब्बारचाचांच्या हॉटेलात त्यानं बिनदुधाचा, मूठभर पुदिना घातलेला चहा करायला लावला. मग किटली डोक्याच्या वर नेऊन ग्लासात लांब धार सोडली. फेस यायला हवा म्हणे! आला, टेबलावर, माझ्या शर्टावर, सगळीकडे.

चाचा म्हणाले, "मियाँ, चाय पी रए कि नहा रए?"

पण दुसऱ्या दिवशी चाचांनी पुदिना आणून ठेवला होता.

*

त्याच्या घरी सकाळी भाकरीसारखी रोटी ऑलिव्हच्या तेलात बुडवून खातात. काकूंनी ज्वारीची भाकरी आणि वाटीत करडईचं तेल दिलं. खाताना त्याच्या हातातला तुकडा खाली पडला. युसुफनं तो उचलला, ओठांना लावला आणि उंच फळीवर ठेवला. अन्न पायदळी येऊ द्यायचं नाही, हा त्यांचा रिवाज.

काकू बघतच राहिल्या. "हे तर आपल्यातलंच लेकरू हाय की!"

*

आता बगरीर. रव्याचं, यीस्ट घालून फुगवलेलं धिरडंच ते. तव्यावर टाकलं की वर शेकडो भोकं पडतात, त्यांत लोणी आणि मध मुरतो. ते एकाच बाजूनं भाजायचं, उलटायचं नाही!

युसुफनं हे दहादा सांगितलं. भोकं पडली की त्याचा चेहरा खुलायचा. तेवढ्यात काकूंचं उलथनं यायचं आणि फटकन भोकं खाली!

"काकू, नाही, नाही!"

"गप बस. एका बाजूनं कच्चं घालू का तुला? पोट दुखलं तर तुझ्या आईला काय सांगू?"

चार वर्षं, दर शुक्रवारी, तो उलटलेलं बगरीर खात राहिला. बॅग मात्र पुन्हा मागितली नाही.

*

पीएच.डी. झाली, तो गेला. शुक्रवारी सकाळी घर फार रिकामं वाटायचं. मलाही त्याची लई आठवण यायची, खोटं कशाला बोलू!

दोनेक महिन्यांनी काकूंकडे त्याचा फोन आला. आम्ही रिसीव्हरला कान लावून भोवती जमलो. आधी त्याची आईच अरबीत भराभर काहीतरी बोलली. सूर तक्रारीचा होता. मग युसुफ हसत म्हणाला, "काकू, आई रागावली. म्हणते, चार वर्षांनी घरी आला आणि माझ्याच चुलीपाशी उभा राहून बगरीर उलटतो. कुणी शिकवलं?"

आम्ही खो खो हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं डोळे पुसले, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आईच्या घरी उलटू नगं रं. ती देईल तसं खा. उलटलेलं खायचं आसंल तर हिकडं ये."