थोरल्या जाऊबाईंची तब्येत

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत कुणाला तरी पाहुणा म्हणून खुर्चीत बसवतात आणि दर वाक्याला त्याला खो खो हसताना दाखवतात, तो प्रकार मला मुळीच चालत नाही. कधी हसायचं ते आम्हाला कळतं. फणसवाडीत आमच्या मजल्यावर माझं हे मत सगळ्यांना पाठ आहे, कारण कुणी मागितलं नसतानाही मी ते देत असते. मालिकांबद्दल तर बोलायलाच नको. बायका घरातल्या घरात भरजरी नेसतात, आणि स्वयंपाकघर असं चकचकीत की तिथे जन्मात कुणी कांदा चिरलेला नाही. तरी रोज संध्याकाळी सातला मी शेजारच्या मावशींकडे जाऊन बसायचे. नावं ठेवायची तर बघायला नको?

मावशी मूळच्या मालवणकडच्या, लालबागला वाढलेल्या, लग्न करून इथे आलेल्या. मी एकटी राहते. आई गेल्यापासून माझ्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते.

आमच्या मजल्यावर एक जुनी रीत आहे. ज्याचा भाग चुकला त्याला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी भरता भरता, गॅलरीत सांगायचा. सगळा सांगायचा आणि पदरचं काही घालायचं नाही. एकदा मी मालिकेतल्या सासूच्या तोंडी माझं एक झणझणीत वाक्य घातलं, तर मावशींनी मला चारचौघींत झापलं होतं. “झाला तेवढाच सांग गो. तुझी अक्कल घरात ठेव.”

गेल्या वर्षी आमच्या सातच्या मालिकेतल्या थोरल्या जाऊबाईंना रक्ताचा कॅन्सर झाला. लेखकाला काही सुचेनासं झालं की तो कुणाला तरी आजारी पाडतो, असं मी तेव्हा मावशींना ऐकवलं होतं. पंधरा दिवसांनी माझे रिपोर्ट आले. आजार तोच. मावशी रिपोर्टाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “चल, बॅग भरूया.”

परळच्या हॉस्पिटलात मी आत गेले ती कित्येक आठवडे आतच होते. जंतुसंसर्ग नको म्हणून भेटायला यायची कुणालाच परवानगी नव्हती. फोन जवळ होता, पण स्क्रीनकडे बघितलं की मळमळायचं. ऐकता मात्र यायचं. माझी माझगावची एक मैत्रीण आहे, ऑफिसातली. ती रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी मेणबत्ती लावायची आणि सोमवारी मला स्टँडअपचे कार्यक्रम पाठवायची. “ऐक ना, एकदम भारी आहे. तू हसलीस ना, की काउंट वाढतोच बघ.”

डोळे मिटून ऐकल्यावर कळलं की निम्मे विनोदवीर नुसते तोंडं वेडीवाकडी करून टाळ्या घेतात. चेहरा काढून घेतला की खाली काही उरत नाही. घरमालक, लग्नाळू मुली आणि ट्रॅफिक, एवढ्यावर यांचा संसार. पण एका मुलीने आपल्या आईच्या आजारपणावर तासभर बोलून मला इतकं हसवलं की नर्स धावत आली. त्या मुलीचं मी आजही भलं चिंतते.

आणि रोज सकाळी आठला मावशींचा आवाज यायचा. नातीकडून शिकून घेऊन त्या आदल्या दिवशीचा भाग फोनमध्ये बोलून पाठवायच्या. डॉक्टरांना मी एकदाही विचारलं नाही की मी यातून उठेन का. मी मावशींना विचारायचे, थोरली कशी आहे? तीस वर्षं नोकरी केलेली बाई मालिकेतल्या बाईच्या जिवात आपला जीव अडकवून बसते, याची लाज वाटायची. पण तसं होतं खरं. ती गेली असती तर मी भिंतीकडे तोंड करून पडले असते.

ती गेली नाही. “ऐक गो,” मावशी सांगायच्या, “थोरली आज उठून बसली. पेज घेतल्यान, वाटीभर. मीठ खंय गेला म्हणून सुनेक बोलली.” दुसऱ्या दिवशी तिला आमसुलाचं सार हवंसं वाटलं. मग डोक्यावरचे केस गेले म्हणून ती आरसा उलटा करून ठेवायची, आणि एका सकाळी तिने तो आपणहून सरळ केला. मग तिचं नवऱ्याशी भांडण झालं, का, तर त्याने तिची चादर नीट वाळत घातली नाही म्हणून.

मी थक्क झाले. मैत्रिणीला फोन करून मी म्हटलं, “अगं, ती मालिका सुधारली. कुणीतरी हुशार लेखक घेतलाय. इतकं साधं, खरं लिहिलेलं मी टीव्हीवर कधी बघितलं नव्हतं.” बघितलं नव्हतंच. त्या दिवशी मीही पेज मागवली, आणि त्यात मीठ नव्हतं म्हणून वॉर्डच्या मावशींना बोलले.

हिवाळ्यात मी घरी आले. पहिल्याच संध्याकाळी सातला मावशींच्या दारात गेले, तर त्या म्हणाल्या, टीव्ही बिघडलाय. दुसऱ्या दिवशीही बिघडलेलाच. आठ दिवस झाले तरी दुरुस्त करायला कुणी येईना. आता स्क्रीनकडे बघितलं तरी मला मळमळत नव्हतं. नवव्या दिवशी दुपारी मी फोनवर ती मालिका लावली. दिवाणखान्यात सगळे जमले होते, साड्या भरजरी होत्या, आणि भिंतीवर थोरल्या जाऊबाईंचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार होता.

मी मागचे भाग शोधत गेले. मी दाखल झाले त्याच आठवड्यात मालिकावाल्यांनी तिला मारून टाकलं होतं. पेज, सार, आरसा, चादर, यातलं काहीही मालिकेत नव्हतं. ज्या बाईने एका वाक्यासाठी मला झापलं होतं, तिने रोज सकाळी उठून, सगळी रीत मोडून, पदरचंच सांगितलं होतं. एकही दिवस खाडा न करता. मी बराच वेळ पलंगावर बसून रडले. असं कुणी आपल्यासाठी करावं, एवढं आपण काय केलं, हे मला आजही कळलेलं नाही.

मग तोंड धुऊन मी त्यांच्याकडे गेले. त्या जमिनीवर मटार सोलत बसल्या होत्या. मीही समोर बसून सोलायला लागले.

“टीव्हीवाला आला का हो?”

“येतंय म्हणालाय.”

“राहू दे. तुम्ही सांगता ते त्याच्याहून बरं असतं.”

मावशींचे हात थांबले. “कधी बघितलंस?”

“आत्ता दुपारी.”

आणखी चार शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, “माका दुसरा काय येता गो? मी काय डॉक्टर?”

मला त्यांचे आभार मानायचे होते. रस्ताभर, म्हणजे दोन दारांच्या अंतरात, मी वाक्यं जुळवली होती. पण शेवटी रोजच्यासारखंच विचारलं, “मग? थोरली कशी आहे?”

मावशींनी मान वर केली नाही.

“बरी आसा. मटार सोलता, नि निम्मे खाता.”

मी हातातले दाणे ताटात टाकले.