दारातला हात

माझी ताई तिसरीच्या वर्गाला शिकवते, मी शेजारच्या चौथीच्या वर्गाला. एरवी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी इतक्या खिदळायचो की मुख्याध्यापिका सिस्टर खिडकी लावून घ्यायच्या. आता ताई डबा उघडते, दोन घास चिवडते, झाकण लावते. काही बोलायला जावं तर अंगावर येते.

शाळा आमची चर्चची. रविवारी प्रार्थनेत लोक शेजाऱ्याचा हात हातात घेऊन "शांती असो" म्हणतात, ते ताईनं वर्गात आणलं. शुक्रवारी शाळा सुटायच्या आधी आठवड्याची भांडणं मिटवायची. पण नियम तिचा स्वतःचा. हात आधी पुढे करायचा तो दुखावलेल्यानं, आणि मनात असेल तरच. नसेल तर कुणी का म्हणून विचारायचं नाही, पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबायचं. मी म्हटलं, "पोरं डोक्यावर बसतील हं तुझ्या." बसली नाहीत. माझ्या वर्गात चांगल्या नागरिकाचे तक्ते भिंतीवर लटकत होते आणि तिच्या वर्गात पोरं खरोखरच एकमेकांना विचारून पेन्सिल घेत होती. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्या वर्गात एक मुलगी आहे. एका जागी बसत नाही म्हणून ताई तिला भिंगरी म्हणते. तिचे बाबा कचऱ्याच्या गाडीवर काम करतात. शाळेच्या अध्यक्षांचा नातू तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या अंगाला वास येतो." तरी शुक्रवारी भिंगरीनं हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि जागेवर जाता जाता आपला तळवा चड्डीला पुसला. ते तिनं पाहिलं. त्यानंतर तिनं त्याला हात दिला नाही, आणि ताईनं विचारलं नाही. मुलाला मात्र बाजूला घेऊन असं काही समजावलं की तो रडला.

मग 'आदराची शाळा' या पुरस्कारासाठी शाळा निवडणारे पाहुणे येणार असं ठरलं. सिस्टरनी ताईला बोलावलं, मीही तिथंच होते.

"त्या दोघांना हात मिळवायला लावा. अध्यक्षही येणार आहेत."

"सिस्टर, ती तयार नाहीये."

"लहान आहे हो ती. तुम्ही सांगाल तसं करेल."

"म्हणून तर सांगत नाही मी."

सिस्टर काही वाईट नाहीत. शाळेतली मुलं दरवर्षी कमी होताहेत, थोडं नाव झालं तर वर्ग टिकतील, एवढंच त्यांच्या डोक्यात. पण त्या दिवशी मला त्यांचा मनस्वी राग आला.

शुक्रवारी पाहुणे आले. छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात सिस्टरनी त्या दोघांकडे बोट दाखवलं. "आता तुम्ही दोघं या."

मुलगा पुढे आला. भिंगरी उठली आणि तिनं आधी ताईकडे पाहिलं. मी दाराशी उभी होते. बोल ना गं, नाही म्हण, मी मनातल्या मनात ओरडत होते. अध्यक्षांनी घसा खाकरला. मग ताईनं मान हलवली, हो म्हणून.

भिंगरीनं हात दिला. टाळ्या वाजल्या, अध्यक्षांचे डोळे भरून आले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सोमवारी ताईनं अख्ख्या वर्गासमोर तिची माफी मागितली. "नियम माझा होता आणि मीच मोडला. चुकलं माझं." भिंगरी म्हणाली, "बरं, बाई." आणि खाली बसली. तेव्हापासून ती अगदी हलत नाही जागची.

शाळा सुटताना ताई दारात उभी राहून प्रत्येक मुलाचा हात हातात घेते, ही तिची जुनी सवय. रांग सरकते, भिंगरीची पाळी येते. काल मला राहवलं नाही.

"अगं, जवळ घे ना तिला. विचार तरी!"

"विचारायचं नाही," ताई म्हणाली. "दुखावलीय ती."

आजही तसंच झालं. ताईनं हात खाली घेतला आणि थांबली. भिंगरी दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे घट्ट धरून तिच्यासमोरून निघून गेली. मग ताईनं पुढच्या मुलासाठी हात पुढे केला.