आखूड नळी

मामंजींनी हौसेनं घेतलेली जुनी इंग्लिश गाडी आमच्या चिंचवडच्या घरापुढे उभी असे. चढ लागला की तिच्या रेडिएटरचं पाणी उकळून रस्त्यावर सांडायचं, आणि मग कुणीतरी बादली घेऊन विहीर शोधत फिरायचं. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते. सांडणारं पाणी एका टाकीत धरलं आणि रेडिएटरमधून येणाऱ्या नळीचं टोक त्या पाण्यात बुडवून ठेवलं, तर इंजिन निवताना रेडिएटर ते परत ओढून घेईल, एवढं मला कळत होतं. रेडिएटरचं झाकण मात्र पाणी परत आत येऊ देणारंही हवं.

वहीच्या पानावर आकृती काढून मी चिखलीच्या एका पत्राकाम करणाऱ्याकडे गेले.

"बाई, पानी आपल्या आपन माघारी जाईल म्हनता?"

"जाईल. नळी तेवढी तळापर्यंत ठेवा."

त्यानं पितळी टाकी करून बसवली, झाकणही शोधून आणलं. त्या दिवसापासून पाणी सांडायचं थांबलं.

पुढच्या रविवारी मामंजींचे ऑफिसमधले स्नेही आले. बॉनेट उघडून मामंजी म्हणाले, "आमच्या चिरंजीवांचं डोकं! कंपनीत उगाच नाही घेतलेलं." मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. हे नुसते हसले. रात्री मी विचारलं तर म्हणाले, "अगं, बाबांना बरं वाटतं. तुला काय फरक पडतो?"

वर्षभरानं नळी तडकली. मामंजींनी यांनाच हाक मारली. हे स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारू लागले, "नळी टाकीत किती आत सोडायची गं?"

मी पोळी लाटत होते. "तुम्हीच केलीय ना टाकी?" म्हटलं.

यांनी नळी बसवली. मी खिडकीतून पाहिलं. ती आखूड होती, टोक पाण्याच्या वरच राहिलं होतं. आता रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढणार, टाकी भरलेली दिसणार आणि रेडिएटर रिता होत जाणार. दोन पावलं जाऊन सांगायचं होतं. मी पोळी तव्यावर टाकली.

महिन्याभरानं खोपोलीहून घाट चढताना गाडीनं मान टाकली. टाकी काठोकाठ भरलेली. हे दगड शोधून चाकाला लावत होते, तेवढ्यात मामंजींनी रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेचा लोट उसळला आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

सहा आठवडे मी रोज त्या हाताला मलम लावलं. एकदा ते म्हणाले, "नळीच खराब निघाली. त्याच्या हातून असली चूक व्हायची नाही."

माझ्यानं राहवलं नाही. "नळी चांगली होती, मामंजी. आखूड होती. मला त्याच दिवशी दिसलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. दारात हे उभे होते. टाकी कुणी केली ते तेव्हा तरी हे सांगतील असं मला वाटलं. हे मला म्हणाले, "दिसलं होतं, आणि बोलली नाहीस?"

दुसऱ्या दिवसापासून मलम लावायला नणंद येऊ लागली. गाडी दिवाळीआधी विकली. मामंजी पुढे आठ वर्षं जगले. माझ्या हातचं जेवले, पण माझ्याशी कामापुरतंच बोलले. यांनी शेवटपर्यंत त्यांना काही सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.