जीपचा पाचवा बोल्ट

देवाशी माझं भांडण कधीच नव्हतं, ओळखच नव्हती. आमची ही दर रविवारी ज्योतिबाच्या डोंगरावर जाते. मी सोबत गेलो तरी खाली गाडीतळावर थांबून लोकांच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसायचो. तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवलं. जे हाताला लागतं आणि मापात बसतं तेच खरं, एवढाच माझा धर्म. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं, आणि त्यातली माझी फजितीही लपवायची नाही.

कसबा बावड्यात आमच्या शेजारी मंगल राहते. नवरा गेल्यावर त्याची जुनी जीप विकायला सगळ्यांनी सांगितलं, पण ही पठ्ठी गाडी चालवायला शिकली आणि आसपासच्या वस्त्यांवरची पोरं शाळेत पोचवायला लागली. तिचं घर त्या जीपवर चालतं. जीपच्या वॉटर पंपातून पाणी गळायला लागलं तेव्हा मीच म्हणालो, "गॅरेजला कशाला नेतेस? रविवारी माझ्या अंगणात लाव, मी पंप बदलून देतो." निवृत्त माणसाला आपण अजून कामाचे आहोत हे दाखवायची खाज असते, ती मला जरा जास्तच आहे.

रविवारी सकाळी डोंगरावर निघताना हिने जीपच्या बॉनेटवर चिमूटभर गुलाल लावला. मी खेकसलो, "इंजिनाला गुलाल लागत नाही, पाना लागतो." ती बसला गेली.

पंप इंजिनाच्या ब्लॉकला पाच बोल्टनी धरलेला होता. चार सरळ आले. पाचवा गंजून बसला होता. मुलांना मी पहिल्या दिवसापासून सांगत आलो की जोर सगळ्यात शेवटी लावायचा. आणि मी काय केलं? पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला आणि अंगाचा भार टाकला. कट्ट आवाज झाला. बोल्टचं डोकं माझ्या हातात आलं आणि उरलेला तुकडा ब्लॉकमध्येच राहिला, हरभऱ्याएवढा बाहेर डोकावत. ग्रिप प्लायर लावला तर तो सटकायचा. आता ड्रिल मारणं उरलं होतं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या नजरेचा अंदाज चुकतो. ड्रिल जरा तिरकं गेलं की ब्लॉकच्या भोकातले आटे जाणार, आणि ब्लॉक गेला म्हणजे जीप भंगारात जाणार.

इतक्यात कुंपणापलीकडून मंगलनं विचारलं, "सर, झालं का?"

मी चटकन तुटक्या बोल्टवर फडकं टाकलं आणि म्हणालो, "होतंय, होतंय." ती घरात गेली. ते फडकं आठवलं की मला अजून लाज वाटते.

तासभर मी तिथं बसून होतो. समोर बॉनेटवर तो गुलाल. उद्या सकाळी पोरं रस्त्यावर वाट बघणार आणि मंगल कुणाच्या तोंडाकडे बघणार? मी त्या गुलालाकडे बघून म्हणालो, "आता तूच बघ बाबा." चिडून म्हणालो की मनापासून, ते मलाही सांगता येणार नाही.

थोड्या वेळानं फाटकाशी एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, कपाळाला गुलाल, नखांत काळं ऑइल. "पावणं, वाईच पाणी मिळंल काय?"

मी आतून तांब्या आणला, तोवर तो जीपपाशी पोचून फडकं उचलून बघत होता. "आतच ऱ्हायला व्हय? तापवायला काय हाय का? आन् एक मेणबत्ती आना."

"मेणबत्ती कशाला?"

"दावतो की."

माझ्याकडे ज्योत फेकणारी छोटी गॅसची टॉर्च होती, लाइट गेल्यावर लावायच्या मेणबत्त्याही होत्या. त्यानं तुकड्याच्या भोवती ब्लॉक चांगला तापवला आणि बोल्टच्या बुडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळलं आणि आट्यांत शिरून दिसेनासं झालं. केशाकर्षण हा शब्द मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल! पण तो असा काम करताना कधी पाहिला नव्हता. माझी चिंता बाजूला राहिली आणि मी पोरासारखा वाकून बघायला लागलो. त्यानं तीनदा तापवलं, तीनदा मेण पाजलं. मग मला म्हणाला, "लावा ग्रिप. पर सोडवू नगा. आधी वाईच आवळा."

"अडकलेला बोल्ट आणखी आवळू?"

"त्याच्या बाजूनं जरा जावा की. मग त्यो तुमच्या बाजूनं यील."

मी केसभर आवळला. कुर्र झालं. मग केसभर उलटा, पुन्हा सुलटा. असं करत करत शेवटी तो तुकडा बोटांनी फिरवून बाहेर काढला. आटे शाबूत होते. माझे डोळे भरून आले. नाव विचारेपर्यंत तो फाटकाबाहेर पडला होता. "आजऱ्याची गाडी चुकंल," एवढंच ऐकू आलं. तांब्या तसाच भरलेला होता. त्यानं पाण्याला तोंडही लावलं नव्हतं.

आता नवा बोल्ट बसवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण तो भरला तांब्या बघून मला राहवेना. मी तुकडा घेऊन मंगलकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मला ठावं हाय, सर. मोडल्याचा आवाज मी ऐकलाता. नाक्यावरच्या गॅरेजला गेलते, तर ते बंद. पायरीवर त्यो मानूस बसलाता. का रडतीस म्हनला. म्या सांगितलं आन् म्हनलं, सरांकडं जावा, पर मदतीला आलोय म्हनून सांगू नगा, पानी मागा."

"पण तो होता कोण?"

"मला काय म्हाईत? मला वाटलं तुमी वळखलासा."

मी तिच्यापासून लपवत होतो, आणि ती डोळे पुसून माझीच लाज राखत होती. तो माणूस कुठून आला हे मी आता शोधत नाही. मी मागितलं तेव्हा ते तिच्या हातून माझ्यापर्यंत आलं, एवढं मला पुरे आहे.

पंप बसवताना पाचवा बोल्ट मी मंगलच्या हाती दिला. तिनं तो बेतानं आवळला. सोमवारी सकाळी पोरांनी भरलेली जीप आमच्या दारावरून गेली, बॉनेटवरच्या गुलालासकट. त्या रविवारपासून मी गाडीतळावर बसत नाही. हिच्या मागोमाग देवळात जातो, आणि काही न मागता हात जोडतो.