धुरा रुंद होत गेला

फोन आला तेव्हा दुकानात ग्राइंडर सुरू होता. पलीकडून विनोद, गुलाबरावांचा मुलगा, ओरडून काहीतरी सांगत होता. बटण बंद केलं तेव्हा कुठे नीट ऐकू आलं. "काका, बाबा गेले. धुऱ्यावर पडले होते. श्यामकाकाले सापडले." मी रडलो नाही. मला राग आला. हातातला पाना मी समोरच्या पत्र्यावर असा फेकून मारला की शेजारचा पंक्चरवाला धावत आला. अकरा वर्षं हा माणूस सख्ख्या भावाच्या तोंडून "माफ केलं" एवढंच ऐकण्यासाठी जगत होता आणि ते न ऐकताच गेला... आज पाच आठवडे झाले, तरी लिहिताना तो राग उतरलेला नाही.

मंगरूळपीरला माझं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. आमच्याकडे लोहारकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, मी त्याला वेल्डिंगची जोड दिली. लहानपणी आम्ही गुलाबरावांच्याच गावात राहायचो. शाळेत एका तरटावर बसायचो, तिथपासूनची दोस्ती. मी त्यांना गुलाबभाऊ म्हणायचो. बापानं दोन्ही मुलांना जमीन सारखीच वाटून दिली होती. श्यामराव, धाकटा, आपल्या वाट्यावर राहिला. गुलाबभाऊनं मात्र आजूबाजूचं घेत घेत साठ एकर केलं, संत्र्याची बाग लावली, दोन विहिरी खणल्या. आणि एवढं असूनही दरवर्षी पेरणीआधी वखर फिरवताना ते दोघांच्या मधल्या धुऱ्यातून, म्हणजे बांधातून, एक तास आपल्याकडे ओढायचे. तास म्हणजे वखराची एक ओळ, जेमतेम हात-दीड हात रुंदीची. एका वर्षी कुणाच्या लक्षातही येत नाही. पंधरा वर्षांत मात्र धुरा सरकत सरकत भावाच्या शेतात पोचतो. आमच्या भागात या एका खोडीपायी जितकी डोकी फुटली तितकी दारूपायीही फुटली नसतील.

ते दुष्ट होते असं कुणाला वाटू नये. नास्तिक तर नव्हतेच. हनुमान जयंतीला त्यांचा भंडारा असायचा. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि आजूबाजूच्या गावांतून लोटलेली माणसं. एका वर्षी मी तिथेच उभा होतो. त्यांच्याच शेतात राबणाऱ्या एका म्हाताऱ्यानं आजारी बायकोसाठी चार रोडगे शेल्यात बांधले. गुलाबभाऊनं ते पाहिलं आणि हातातला लोखंडी सराटा त्याच्या मनगटावर हाणला. म्हातारा कळवळून खाली बसला, रोडगे धुळीत पडले. त्याच हातानं भाऊ आरतीचं ताट घ्यायला निघाले, तेव्हा मी आडवा झालो.

"देवाच्या नावानं वाटून राह्यला ना? मंग माल देवाचा. मारणारा तू कोण?"

"वाटणारा मी हाय," ते म्हणाले. "कोणाले किती द्याचं थे मी ठरवीन."

माझी अम्मी म्हणायची, घरात माल येणं वेगळं आणि बरकत येणं वेगळं. माल कोठीत मावतो, बरकत मावत नाही, तिला बाहेर जायला वाट लागते. भाऊच्या घरात कोठ्या खूप होत्या. पोट भरलं होतं, डोळे भरले नव्हते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, मेल्यावर शहाणपण सांगतो आहे असं नाही.

आता माझ्या वाट्याचं सांगतो. अकरा वर्षांपूर्वी, ऐन वखरपाळीच्या दिवसांत, सकाळी ते कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे आले. धुऱ्यावरची बाभूळ तोडायची होती. बाभूळ गेली की धुरा सरकवायला मोकळा, हे मला समजत होतं. तरी मी धार लावली. मन लावून लावली, कारण धार लावताना मला दुसरं काही सुचत नाही. हातावरचे केस उडवून दाखवले आणि वर म्हटलं, "घे भाऊ, लोणी कापाले जा आता." दुपारी दुकानासमोर जीप थांबली. मागे श्यामराव बसला होता, उजवा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला, दुपट्ट्यातून रक्त खाली पत्र्यावर गळत होतं. तो बाभळीला हात लावून उभा राहिला होता, म्हणाला होता, "झाड बाबानं लावलं, घाल कुऱ्हाड." आणि भाऊनं घातली. तीन बोटं गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जखम अगदी सरळ आहे, हत्यार चांगलं धारदार असणार... मी बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो.

पोलीस आले तेव्हा श्यामरावानं सांगितलं की कुऱ्हाड आपल्याच हातून सटकली. त्यांची म्हातारी आई जिवंत होती, तिच्यासमोर एक लेक थोटा आणि दुसरा तुरुंगात नको, एवढंच त्याच्या मनात होतं. गाव म्हणालं, काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही. गावाला काय जातं म्हणायला! भाऊ दवाखान्यात पाया पडायला गेले तेव्हा श्यामराव भिंतीकडे तोंड करून बोलला, "पोलिसाले खोटं मायसाठी सांगतलं. तुले माफ केलं नाही. जाय." त्यानंतर तो भावाशी बोललाच नाही. आई गेली तेव्हाही दोघं खांद्याला खांदा लावून तिरडी उचलून गेले आणि न बोलता परत आले.

जेल झाली असती तर बरं, असं भाऊ मला कित्येकदा म्हणाले. मग त्यांनी श्रीमंत माणसाला सुचतं ते केलं. भंडारा दुप्पट केला. देवळावर सोन्याचं पाणी दिलेला कळस चढवला. बाहेरून आलेले महाराज मांडवात म्हणाले की लक्ष्मी ज्याच्या घरी नांदते त्याच्यावर देवाचीच कृपा असते, अशा माणसाचं पाप उरत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या दुकानात आले, पायांत चप्पल नव्हती. त्यांनी उजवा हात ऐरणीवर ठेवला, बोटं पसरली.

"घाल घन."

"भाऊ, हात काढ."

"घाल म्हणतो ना! तीनच बोटं. धार तू लावली होती, आता हेही तूच कर."

मी त्यांच्या थोबाडीत मारली. साठ एकराच्या पाटलाला, भर बाजारात, उघड्या दुकानात. माझा हात झिणझिणला. ते धडपडून लोखंडाच्या भंगारात बसले, ओठातून रक्त आलं, आणि मग ते लहान मुलासारखे रडायला लागले. मीही रडलो. माझ्याही मनात ती धार होतीच. मग मी म्हटलं, "बोटाले बोट देऊन कोणाचं भलं होते, सांग बरं? तू तास घेतले. तास दे."

आधी त्यांनी घाईनं सगळं एकदम द्यायचं ठरवलं. पाच एकर श्यामरावाच्या नावावर करायचे कागद तयार करून पाठवले. श्यामरावानं ते टराटरा फाडून चुलीत घातले. तेव्हा भाऊला उमगलं असावं की एकदम देणं हीसुद्धा मालकाचीच मस्ती आहे. मग त्यांनी घेतलं होतं तसंच द्यायला सुरुवात केली... गुपचूप, दरवर्षी पेरणीआधी एक तास. स्वतः वखर धरायचे आणि आपल्या बाजूची एक ओळ सोडून द्यायचे. श्यामरावही तसाच जिद्दी. सोडलेल्या ओळीला त्यानं कधी वखर लावला नाही. एक सोडतो, दुसरा घेत नाही. धुरा दरसाल रुंद होत गेला. नऊ वर्षांत त्यावरून बैलबंडी आरामात जाईल एवढी जागा झाली. गवत वाढलं, हिवराची झाडं आणि बोरी आपोआप उगवल्या, तितर अंडी घालू लागले. गावातल्या मजूर बाया तिथलं गवत शेळ्यांना कापून न्यायच्या, कुणाला विचारायची गरज नव्हती.

भाऊ दुपारी तिथेच भाकरी खायचे, तिथेच लवंडायचे. एकदा मी चिडवलं, "घरी एसी हाय ना पाटील? काट्यात काहून झोपून राह्यला?" ते म्हणाले, "साऱ्या शेतात येवढीच जागा हाय जे माही नाही अन् त्याचीबी नाही. इथंच झोप लागते मले." मोठा भंडारा त्यांनी बंद केला होता. गेल्या काही वर्षांत लोक त्यांना साधू म्हणायला लागले होते. कसला साधू! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एका ट्रॅक्टरवाल्यानं चुकून त्या पट्ट्यात नांगर घातला, तर भाऊनं त्याच्यावर दगड उचलला. उचलला खरा, पण फेकला नाही. दगड हातात धरून ते उभे राहिले आणि मग हळूच खाली ठेवला. पन्नास वर्षांच्या दोस्तीत त्यांना असं थांबताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. माझ्या लेखी तो सोन्याच्या कळसापेक्षा मोठा दिवस होता.

तिथेच ते गेले. दुपारी, छातीत कळ येऊन. आपल्या शेतातून श्यामरावानं पाहिलं, धावत गेला, पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. तोवर काही उरलं नव्हतं. तेरवीला तो आला, पंगतीत बसला नाही.

तेरवीनंतर चार दिवसांत विनोदनं त्या पट्ट्यात ट्रॅक्टर घातला. त्याचं म्हणणं साधं होतं, एवढी जमीन पडीक कशाला ठेवायची, मोजून अर्धी अर्धी करू. पहिला हिवर आडवा झाला आणि श्यामराव समोरून आला. दोन बोटांच्या हातात दगड धरून त्यानं ट्रॅक्टरचा दिवा फोडला, पुतण्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि गवतात लोळवलं. विनोदनंही हात उचलला, काकाचं नाक फुटलं. मजुरांनी सोडवलं नसतं तर त्याच घराण्यात त्याच जागी पुन्हा रक्ताचं थारोळं झालं असतं. विनोद ट्रॅक्टर घेऊन गेला तो परत आला नाही.

मागच्या आठवड्यात मी मुद्दाम गेलो. दुपारची वेळ होती. श्यामराव हिवराखाली फडकं उघडून भाकरी खात बसला होता, नाकावर अजून खपली होती. मी इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं, कारण उत्तर मिळाल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

"श्याम, माफ केलं का आता तरी?"

त्यानं घास गिळला. "नाही," म्हणाला.

उन्हानं डोकं गरगरत होतं. बोरीच्या सावलीत एका ठिकाणी गवत माणसाच्या अंगाएवढं दबलेलं होतं, तिकडे बसायला गेलो तर तो माझ्यावर खेकसला.

"तिकडं नको बसू, इस्माईल. थे त्याची जागा हाये."