हिरव्या दिव्यावर विश्वास न ठेवणारे वानखडे

वानखडे कॉम्प्युटर पाहायला आले की आधी स्टीलचा रिकामा पेला मागत. पहिल्या वेळी मी त्यात पाणी भरून दिलं. त्यांनी ते पिऊन टाकलं, पेला गळ्यातल्या दुपट्ट्याने कोरडा केला, त्याचं तोंड यंत्राला टेकवलं आणि बुडाला कान लावून डोळे मिटले. दोन मिनिटांनी म्हणाले, "डिस्क ठीक हाये बाई. तुमी काहून घाबरून राहिल्या?"

ईशा, नील, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. अकोल्याला जठारपेठेत त्यांचं एका गाळ्याचं दुकान होतं. त्याआधीची सगळी नोकरी टेलिफोनच्या केबली जोडण्यात गेली. "आपल्या अमरावतीत काय माणसं नाहीत?" असं तुमचे आजोबा मला चिडवायचे. होती ना; पण ती 'नवीन घ्या' म्हणत आणि वानखडे 'पाहू' म्हणत.

आपल्या घरी बॅकअपची पेटी त्यांनीच बसवली. घरातल्या वायफायला जोडलेली, दोन डिस्क असलेली काळी पेटी. दर शुक्रवारी चार वाजता कॉम्प्युटरमधल्या फायलींची प्रत तिच्यात आपोआप जायची. बसवून झाल्यावर त्यांनी मला बजावलं होतं, "महिन्यातून एक डाव पेटीतून एक फाईल बाहेर काढा अन् उघडून पाहा. काढून पाहिल्याशिवाय ठेवलं म्हणू नोका."

मला ते अनावश्यक वाटलं. त्याऐवजी मी एक वही केली. शुक्रवारी पेटीवरचा हिरवा दिवा पाहायचा आणि तारखेपुढे बरोबरची खूण करायची. एकही शुक्रवार चुकला नाही.

एका वर्षी उन्हाळ्यात आजोबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून रोज सकाळी ते कॉम्प्युटरसमोर बसून तुमच्यासाठी एकेक गोष्ट बोलून ठेवू लागले. अकरा झाल्या. शेवटची नीलसाठी होती. नील, तू तेव्हा पाळण्यात होतास. ऑपरेशननंतर आवाज गेला आणि दिवाळीआधी आजोबाही गेले. ती फाईल उघडायचा धीर मला कित्येक महिने झाला नाही.

फाल्गुनात एका सकाळी मनाचा हिय्या करून उघडायला गेले, तर कॉम्प्युटर आतून खट्‌खट् वाजू लागला आणि पडदा गोठला. मी अकोल्याला फोन लावला.

"बंद करा. बटन दाबून बंद करा. आता त्याले हात लावू नोका. मी येऊन राहिलो."

ते अकराच्या सुमाराला पोचले. कॉम्प्युटर क्षणभर चालू करून पेला लावून ऐकलं आणि लगेच पुन्हा बंद केला. मी वही पुढे केली. "पेटीत सगळं आहे, वानखडे. हे पाहा."

त्यांनी पानं उलटली. "ह्या खुणा कायच्या?"

"हिरवा दिवा लागलेला होता."

"बाई, दिवा लागला म्हंजे पेटीले करंट भेटून राहिला. आत काय हाये, ते दिव्याले काय माहीत?"

त्यांनी आपला लॅपटॉप पेटीला जोडला. आतली शेवटची फाईल मागच्या गुढीपाडव्याआधीची होती. गोष्ट एकही नव्हती.

कारण पाच मिनिटांत सापडलं, आणि ते मीच होते. दर पाडव्याला मी नवं पंचांग आणते आणि घरातले सगळे पासवर्ड बदलते. पेटीचाही बदलला होता. पण बॅकअप पाठवणाऱ्या प्रोग्रामला नवा सांगितलाच नाही. "कुलूप बदललं, अन् गड्याच्या हाती जुनीच चावी," वानखडे म्हणाले. दर शुक्रवारी तो प्रोग्राम पडद्याच्या कोपऱ्यात तक्रार लिहीत असे आणि मी ती जाहिरात समजून फुली मारून घालवत असे. पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि इंग्रजीतली ती एक ओळ वाचली नाही.

आता उरली ती खट्‌खट् करणारी डिस्क. त्यांनी ती काढून लॅपटॉपला जोडली आणि पंखा बंद करायला सांगितलं; आवाज नीट ऐकू यायला हवा होता. "एक डाव उठीन हे. दुसऱ्या डावाचं सांगता येत नाही. पयले कोणती काढू?"

मी म्हटलं, "एक नंबरपासून घ्या."

"नंबर राहू द्या. जे गेलं तं तुमचा जीव जाईन, ते सांगा."

"अकरावी. नीलची."

लॅपटॉपच्या पडद्यावर पट्टी सरकू लागली. अर्ध्यावर थांबली. खट्. मी काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला. कपाळावरचा घाम नाकावर आला तरी त्यांनी पुसला नाही. मग पट्टी पुन्हा हलली, आणि अकरावी आली. त्यानंतर ईशासाठीच्या तीन आल्या, मग आणखी तीन. आठव्या गोष्टीला डिस्क एकदम गप्प झाली. वानखड्यांनी पेला लावून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"सात आल्या, चार गेल्या. खोटं कायले सांगू बाई?"

त्यांनी सातही पेटीत भरल्या, नवा पासवर्ड माझ्याकडूनच घालून घेतला. मी चहा टाकायला उठले तर म्हणाले, "बसा." आणि माझ्या डोळ्यांदेखत लॅपटॉपवरची अकरावी फाईल पुसून टाकली.

"वानखडे! अहो, काय केलंत हे?"

"पेटीत हाये ना? काढा. तुमच्या हातानं."

रागाच्या भरात मी दोनदा चुकीचं फोल्डर उघडलं. ते शेजारी हाताची घडी घालून बसून राहिले, बोटसुद्धा लावलं नाही. शेवटी फाईल बाहेर आली. मी ती उघडली आणि खोलीत आजोबा बोलू लागले. वानखडे उठले, चपला घालून अंगणात गेले आणि गोष्ट संपेपर्यंत आत आले नाहीत.

आता त्यांना नीट दिसत नाही. दुकान बंद करून ते अकोटला मुलीकडे राहतात. मी फोन केला की प्रकृतीच्या आधी विचारतात, "शेवटची कधी काढली होती?" मी तारीख सांगते, आणि ती खरी असते.

त्या सात गोष्टी मी तेव्हाच तुमच्या बाबांना पाठवल्या. त्यांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. मला ते पुरत नाही. तुम्ही दोघं त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. नील, तुझ्या गोष्टीच्या शेवटी आजोबा थोडं खोकतात, हसतात आणि तुला एक प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर मला रविवारी फोनवर सांग.